तोंडातलं फिटिंग

माझ्या तोंडात आज पाच कॅपा आहेत आणि त्यातल्या एकीखाली दातच नाही. हिशेबाच्या वहीत २०१४ ते २०२२ या काळात दातांवर ४२,३०० रुपये गेल्याची नोंद आहे. खेपा एकोणीस. त्यात अर्धे खाडे नऊ. त्या खाड्यांचे पैसे वहीत नाहीत, कारण ते हातात आलेच नाहीत.

मी फिटर. आमच्या माहुल-ट्रॉम्ब्याच्या किनाऱ्यावर १९५४ साली स्टॅनव्हॅकची, म्हणजे पुढच्या एस्सोची, आणि १९५५ साली बर्मा शेलची रिफायनरी उभी राहिली. सत्तरच्या दशकात सरकारने दोन्ही ताब्यात घेतल्या आणि त्यांची हिंदुस्थान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम झाली. खाडीत मासळी कमी होत गेली तशी गावातल्या कोळ्यांच्या पोरांनी वल्हं ठेवून पाना उचलला. त्यातलाच मी एक, तेहेतीस वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. ठेकेदार बदलत गेले, गेटसमोरची रांग तीच राहिली.

फिटरच्या नजरेने दात बघितल्यामुळे काही गोष्टी मला लवकर कळल्या, आणि काही फिटर असूनही फार उशिरा कळल्या. गल्लीतले लोक विचारतात म्हणून लिहून ठेवतोय. दर माझे आहेत, त्या त्या सालचे, चेंबूरच्या एका मध्यम दवाखान्यातले. तुम्हाला कोणी तेच सांगेल असं नाही.

१. रूट कॅनाल झालं म्हणजे काम संपलं नाही

२०१४ साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या फेब्रुवारीत वडाळा-चेंबूर मोनोरेल सुरू झाली होती आणि कुठे जायचं नसलेली माणसंही नुसती बसायची म्हणून तिच्यात बसत होती. त्याच पावसाळ्यात माझी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. तीन खेपांत रूट कॅनाल झालं. चार हजार रुपये. शेवटच्या दिवशी डॉक्टर बाई म्हणाल्या, "काका, पंधरा दिवसांत कॅप बसवून घ्या. तीन हजार होतील. साधी धातूची घ्या, पण घ्या."

ठणका थांबला होता. बाई दाताच्या कण्या करून सांगत होत्या आणि मी मनात मुलाच्या क्लासची फी मोजत होतो. बघू म्हटलं.

हे बघू अकरा महिने चाललं. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर चिंबोऱ्या आल्या. बायकोने झणझणीत कालवण केलं होतं. मी नांगी उजव्या दाढेत धरली आणि दाबली. 'कट' असा आवाज आला. आधी वाटलं, नांगी फुटली. नांगी शाबूत होती.

दाढ उभी चिरली होती, थेट मुळापर्यंत. बाईंनी एक्स-रे दाखवला आणि काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. नंतर त्यांनी समजावलं. किडलेला भाग काढून, वरून भोक पाडून आतली नस साफ केलेली दाढ म्हणजे वरचं झाकण कापलेलं पिंप. भिंती उभ्या दिसतात, पण त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. वरून दाब आला की भिंत बाहेर फाकते. कॅप म्हणजे त्या पिंपाला बाहेरून आवळलेला पट्टा. पुढच्या दाताचं रूट कॅनाल झालं असेल आणि दात बराचसा शाबूत असेल, तर कधीकधी नुसत्या सिमेंटवर भागतं. दाढेचं भागत नाही. दाढ दळायला असते.

दाढ काढायचे पाचशे गेले. दात कोरून पोट भरत नाही, हे मी दुसऱ्याला सांगताना शंभर वेळा वापरलेलं वाक्य होतं.

२. रिकामी जागा गप्प बसत नाही

एक दाढ गेली तर काय होतं, डावीकडे चावू, असं म्हणत मी चार वर्षं काढली. आमच्या कामात पाइपलाइनचा एक सपोर्ट काढला तर लाइन लगेच पडत नाही. हळूहळू लोंबते, आणि मग भलत्याच फ्लँजमधून गळती सुरू होते. तोंडात तेच झालं. वरची दाढ समोर कोणी नाही म्हणून खाली उतरू लागली, मागची पुढे कलली. सगळा भार डावीकडे पडला आणि तिकडची एक दाढ २०१७ मध्ये गेली कामातून. तिचं रूट कॅनाल साडेचार हजार, धातूची कॅप दोन हजार आठशे. या वेळी मी पंधराव्या दिवसाची वाट पाहिली नाही.

२०१९ मध्ये उजवीकडच्या खड्ड्याकडे वळलो. इम्प्लांट पस्तीस हजार. ब्रिज, म्हणजे तीन कॅपांची साखळी, साडेचार हजार गुणिले तीन, साडेतेरा हजार. ब्रिजचा दर दातावर असतो आणि नसलेला दातही त्यात धरतात, हे तेव्हा कळलं. मी ब्रिज घेतला. पैसे तेवढेच होते.

पण ब्रिज बसवायला खड्ड्याच्या दोन्ही बाजूंचे दात चहूकडून घासून बारीक करावे लागतात. ते दोन्ही दात धडधाकट होते. त्यांना कधी कीड नव्हती, कळ नव्हती. बाई ड्रिल चालवत होत्या आणि जिभेवर उडणारी ती भुकटी माझ्या चांगल्या दातांची आहे, हे मला कळत होतं. तीन हजार वाचवले होते पाच वर्षांपूर्वी. शेजारचे दात आधीच कॅपच्या लायनीत असतील त्याला ब्रिज परवडतो. ज्याचे शेजारी निरोगी आहेत, त्याने इम्प्लांटचा आकडा ऐकून लगेच खुर्चीतून उठू नये, एवढंच सांगेन.

३. कशाची कॅप, हा दुसरा प्रश्न

लोक पहिला प्रश्न विचारतात, "झिरकॉन की सिरॅमिक?" पहिला प्रश्न असा हवा: "दात किती उरलाय?" हिरडीच्या वर निदान दोनेक मिलिमीटर खराखुरा दात चहूबाजूंनी उभा नसेल, तर सोन्याची कॅपसुद्धा उद्या खुंटासकट हातात येते. ते विचारून झालं, की मग माल.

धातूची, बहुतेक वेळा निकेल-क्रोमियमची. स्वस्त. पातळ असली तरी चालते, म्हणून दात कमी घासावा लागतो. दिसायला लोखंडी, पण मागच्या दाढेकडे कोण बघतं? माझी २०१७ ची अजून जशीच्या तशी आहे.

धातूवर सिरॅमिक चढवलेली, जिला दवाखान्यात पीएफएम म्हणतात. दाताच्या रंगाची, मधली किंमत. धातू आणि वरचा थर दोन्ही मावायचे म्हणून दात जास्त घासतात. काही वर्षांनी हिरडी खाली सरकली तर काठाला काळी रेघ दिसू लागते आणि कधी कडेचा टवका उडतो. माझ्या ब्रिजचा एक टवका उडालाय. बाहेरून दिसत नाही, पण जिभेला रोज दिसतो.

झिरकोनिया. २०२२ मध्ये पुढच्या दाताला मी हीच बसवली, बारा हजार, आधीचं रूट कॅनाल पाच हजार. झिरकोनियम हे नाव आमच्या भागात नवं नाही. डोंगराच्या कुशीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तिथल्या माणसांबरोबर चेंबूर स्टेशनवर चहा प्यालोय. तारापूरच्या अणुभट्ट्यांत युरेनियमच्या गोळ्या ज्या नळ्यांत भरतात, त्या याच धातूच्या मिश्रधातूच्या असतात. दातात बसतो तो त्याचा ऑक्साइड. पांढरी भुकटी दाबून केलेल्या चकतीतून संगणकी यंत्रावर कॅप कोरतात आणि मग भट्टीत सुमारे दीड हजार अंशांवर भाजतात. भाजताना ती वीसेक टक्के आकसते, म्हणून आधी तेवढ्या हिशेबाने मोठी कोरावी लागते. हे बाईंकडून ऐकल्यावर मला बारा हजार थोडे कमी वाटायला लागले. फिटरला आकसण्याचा हिशेब सांगितला की तो भाव करत नाही.

आणि सोनं. माझ्या आजोबांच्या वरच्या सुळ्यावर सोन्याची कॅप होती, मासळीला भाव होता त्या काळातली. ते हसले की होडीवरचा कंदील लागल्यासारखं वाटायचं. सोनं दाताइतकंच झिजतं, समोरच्या दाताला खात नाही, काठाला घट्ट बसतं. दंतवैद्य अजूनही त्याला मान देतात, फक्त बसवायला कोणी येत नाही. आजोबा गेले तेव्हा तोंडात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवायची वेळ आली. काकी म्हणाली, "त्यांच्या तोंडात हाय की." तेवढ्यात माझ्या एका चुलत्याने दबक्या आवाजात विचारलं, तो काढता येईल का. त्याच्याशी आजी पुढे दोन वर्षं बोलली नाही.

४. सुई टोचण्याआधी बोला

बीपी, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲलर्जी. सगळं. विचारलं नाही तरी सांगा. माझ्या बायकोला खोट्या कानातल्यांनी कान चिघळायची सवय. ती कॅपच्या वेळी बोलता बोलता म्हणाली, तेव्हा डॉक्टर थबकले. खोट्या दागिन्यांतलं निकेल आणि स्वस्त कॅपेतलं निकेल एकच. तिला दुसरी कॅप बसवली.

५. ब्ल्यू मॅचिंग

व्हॉल्व्हची डिस्क सीटवर नीट बसते की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आम्ही एका बाजूला प्रशियन ब्ल्यूचा पातळ हात मारतो आणि दुसरी टेकवून किंचित फिरवतो. निळा ठसा अखंड गोल उमटला तर व्हॉल्व्ह धरेल. तुटक उमटला तर लॅपिंग पेस्ट घ्या आणि पुन्हा घासा. याला ब्ल्यू मॅचिंग म्हणतात. कितीही घाई असली, सुपरवायझर डोक्यावर उभा असला, तरी हे चुकवायचं नाही, असं मी हाताखालच्या पोरांना तीस वर्षं सांगत आलो.

ब्रिज बसवायच्या दिवशी बाईंनी चिमट्यात निळा कागद धरला आणि म्हणाल्या, "चावा. कटकट करा. आता बाजूला घासा." मी खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, आणि मनात म्हणालो, अरे, हे तर आमचंच काम! कागदाचा ठसा जिथे गडद, तिथे कॅप उंच. तिथेच हलका हात मारायचा, पॉलिश करायचं, पुन्हा कागद. झिरकोनियावर हा हात मारला तर पॉलिश झालंच पाहिजे, नाहीतर तो खडबडीत भाग समोरच्या दाताला कानस बनून घासत बसतो.

आणि इथेच मी माती खाल्ली. अर्धं तोंड सुन्न होतं. बाहेर चार पेशंट ताटकळत होते. बाईंनी विचारलं, "बरं वाटतंय?" मी मान हलवली. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला 'घाई नको' सांगितलं, त्याने स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत लाजेखातर सही करून टाकली. सुन्नपणा उतरल्यावर कळलं, उजवीकडे तोंड मिटलं की आधी एक ठिकाण टेकतंय आणि मग बाकीचे. केसाएवढा फरक असेल. जबड्याला केसाएवढा फरक बांधावरच्या दगडाएवढा वाटतो. आठ दिवस मी "सवय होईल" म्हणत काढले. खालचा दात हुळहुळायला लागला, कानशिलापर्यंत कळ गेली. शेवटी गेलो. दोन मिनिटं, निळा कागद, दोन हलके हात. कळ त्याच रात्री कमी झाली. पैसे शून्य.

तेव्हापासून मी सांगतो: सुन्न तोंडाने होकार देऊ नका. जमत असेल तर कॅप आधी कच्च्या सिमेंटवर चार दिवस बसवून घ्या. जेवा, पाणी प्या, झोपा, मग पक्की करा.

चावण्याचा ठसा तरी दिसतो. काठ दिसत नाही. कॅपचा काठ आणि दात यांच्यातली फट १०० ते १२० मायक्रॉनच्या आत असावी, असा दंतवैद्यकातला जुना दंडक आहे. माझ्या फिलर गेजची ०.१० ची पाती म्हणजे तेवढंच. फट त्याहून मोठी राहिली तर सिमेंट हळूहळू धुपतं आणि आत कीड शिरते. दात घासण्यात, माप घेण्यात, साच्यात, भट्टीत, कुठेही एक चूक झाली तर ती शेवटी या फटीत येऊन बसते. म्हणून बाई त्या गुलाबी लगद्याचं माप दुसऱ्यांदा घ्यायला लागल्या तर चिडू नका. पहिलं माप हललं होतं हे त्यांनी कबूल केलं, यात तुमचा फायदा आहे.

यातला सगळ्यात मोठा वाटेकरी कधी दिसत नाही, तो म्हणजे लॅबमधला कारागीर. माझा दात कोरला त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही आणि त्याने माझं पाहिलेलं नाही. त्याच्यासमोर माझ्या जबड्याचा एक पिवळसर साचा होता फक्त. दोन दवाखान्यांच्या दरात फरक असतो, त्यातला बराचसा भाग हा माणूस कोण आहे यावरून पडतो. एकाच 'झिरकॉन'चे सहा हजार आणि सोळा हजार ऐकले तेव्हा मी विचारलं, "कुठल्या लॅबचं? कार्ड मिळेल का? पुन्हा करावं लागलं तर पैसे कोण देणार?" सहा हजारवाल्याने विषय बदलला. कार्डावर लॅबचं नाव, नंबर आणि वॉरंटीची वर्षं असतात. वॉरंटी कॅपची असते, खालच्या दाताची नसते, तेही छोट्या अक्षरांत वाचून घ्या. दाताला टोपी घालता घालता आपल्याला घातली जाऊ नये.

६. रंग दिवसाउजेडी घ्या

२०२२ च्या जुलैत धक्क्यावर शेवाळावरून पाय सटकला आणि वरचा पुढचा दात अर्धा तुटला. हा दात लपत नाही. रंग जुळवायला बाईंनी दातांची पट्टी काढली, सोळा छटांची. ए-१, बी-२, डी-४ अशी नावं, रंगाच्या दुकानातल्या कार्डासारखी. वेळ संध्याकाळी साडेसातची, वर ट्यूबलाइट. बाईंनी मला सकाळी यायला सांगितलं होतं. खाडा होईल म्हणून मीच हट्ट केला. कॅप आली ती नव्या बाथरूमच्या टाइलसारखी. घरी गेलो तर बायको बघून म्हणाली, "अहो, तुमच्या बाकीच्या दातांपेक्षा हा एकच दात शिकलेला वाटतो."

कॅप परत गेली. दुसऱ्यांदा सकाळी साडेदहाला, खिडकीपाशी उभं करून, तोंड धुऊन, आरसा माझ्याच हातात देऊन रंग घेतला. ए-साडेतीन. पंचवीस वर्षांच्या चहाचा रंग. माहुलमध्ये रात्री रिफायनरीच्या फ्लेअरच्या ज्वाळेत सगळेच दात केशरी दिसतात, त्यामुळे गावात कोणाला फरक कळला नसता. पण लग्नाचे फोटो दिवसा काढतात.

ज्यांना दात पांढरे करून घ्यायचेत त्यांनी ते कॅपच्या आधी करावं. कॅपेचा रंग नंतर बदलत नाही.

७. तात्पुरती म्हणजे तात्पुरती

भाच्याच्या हळदीत मटणाची नळी चोखताना माझी कच्ची कॅप निघाली. डीजे चालू, मी टेबलाखाली मोबाइलच्या उजेडात शोधतोय. सापडली. काड्यापेटीत ठेवली. कोणीतरी फेविक्विक काढलं, मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. घासलेला दात उघडा राहिला तर थोडासा सरकतो, आणि मग पक्की कॅप बसायला कुरकुरते.

८. सरकारी दवाखान्यात पैसा कमी, वेळ जास्त

२०२३ मध्ये बायकोच्या दाढेची पाळी आली. माझ्या दातांनी घर धुतलं होतं, म्हणून आम्ही शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. चेंबूरहून हार्बर लाइनची गाडी थेट सीएसएमटीला, तिथून चालत. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासूनचं आहे, तेही चांगलं, पण ते मुंबई सेंट्रलला. माहुलहून बस, मग कुर्ला, मग दादरला पूल चढा. गुडघ्यांनी सीएसएमटी निवडलं.

सात खेपा झाल्या. सकाळी केसपेपरची रांग, मग विभागाबाहेर बाकडं. ज्या मुलीने काम केलं ती शिकत होती, आमच्या मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी बायको घाबरली. मला मात्र दुसऱ्या खेपेला एक गोष्ट दिसली आणि मी निश्चिंत झालो. मुलगी प्रत्येक टप्प्यावर थांबत होती. दात घासला की थांब, सरांना बोलाव, दाखव, सही घे. माप घेतलं की थांब, दाखव, सही. एकदा सरांनी बघून मान हलवली आणि तिला पुन्हा माप घ्यायला लावलं. कंपनीत आम्ही याला होल्ड पॉइंट म्हणतो. इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय पुढचा बोल्ट आवळायचा नाही. बाहेरच्या खासगी दवाखान्यात पैसे मोजून हा होल्ड पॉइंट मिळत नाही. तिथे काम करणारा आणि तपासणारा एकच असतो.

खर्च बाहेरच्या निम्म्याहून कमी आला. पण सात दिवस बायकोच्या डब्यांचं काम बंद राहिलं, आणि मी सोबत गेलो ते खाडे निराळे. ज्याची रोजी रोजच्या रोज बुडते त्याने ही बेरीज आधी करावी. सुट्टी हाताशी असेल, घरात निवृत्त माणूस असेल, तर मात्र डोळे मिटून जावं.

९. गल्लीतला दात

तानसा जलवाहिनीच्या कडेने घरं तुटली तेव्हा तिथली हजारो माणसं आमच्याकडच्या इमारतींत आणून सोडली. हवेच्या प्रश्नावर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेल्या गावात ही माणसं राहायला आली, आल्यावर कामं गेली, आणि मग स्वस्तात जे मिळेल ते घ्यायची वेळ आली. त्यातल्या एका ओळखीच्या बाईंनी आठशे रुपयांत दात बसवून घेतला. ना डिग्रीचा बोर्ड, ना नोंदणी क्रमांक, ना पावती. त्या माणसाने हिरडीवर आणि शेजारच्या दातांवर गुलाबी प्लास्टिकचा लगदा थापला आणि त्यातच दात रोवला. निघत नाही, घासता येत नाही. चार महिन्यांत हिरडी सुजली, शेजारचे दोन दात हलायला लागले. आठशेचा दात काढायला आणि पुढचं निस्तरायला किती गेले, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दंतवैद्यांची नोंदणी १९४८ च्या कायद्यापासून सक्तीची आहे. क्रमांक भिंतीवर नसेल तर मागावा, लाजू नये.

१०. मेडिक्लेम, हप्ते, पावती

मेडिक्लेम साधारणपणे कॅपेला काही देत नाही. अपघात होऊन भरती व्हावं लागलं तरच बोलणी. हप्त्याची कंपनी गाठण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा. अर्धे मापाच्या दिवशी, अर्धे बसवायच्या दिवशी, हे उपनगरातले बहुतेक दवाखाने ऐकतात. पावतीवर कॅप कशाची ते लिहून घ्या. दहा-पंधरा वर्षं टिकायची असते ती, तोवर तुम्ही विसरता.

झिरकोनिया बसवून आलो त्या दिवशी आय ओटीवर बसली होती. म्हणाली, "केवऱ्याला परला रं तुजा दात?" मी म्हटलं, तीन हजार. ती म्हणाली, "तेवऱ्यान नवा जाला आला असता." बारा सांगितले असते तर जेवली नसती.

११. कॅपेला कीड लागत नाही, काठाला लागते

आयने पन्नास वर्षं मिश्री लावली. पहाटे मासळीची पाटी उचलायच्या आधी मिश्री, आल्यावर मिश्री. हिरड्या मागे सरकत गेल्या, मुळं उघडी पडली, आणि एकही दात किडला नसताना सगळे एकेक करून हलून पडले. त्यामुळे तिचा कॅपवर विश्वास नाही. तिचं म्हणणं, दात जायचे ते जातातच, वरून टोपी घालून काय थांबतात? हिरडीच्या बाबतीत तिचं खरं आहे. खालचा पाया सुटला तर कॅप आपली चकचकीत राहते आणि दात पायासकट जातो.

म्हणून काठ. कॅप जिथे संपते आणि दात सुरू होतो ती रेघ. तिथे ब्रश तिरका धरायचा. दोन दातांमध्ये धागा. ब्रिजखाली नुसता धागा जात नाही, कारण वरून बंद असतं. बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू मिळतं, ते आडवं घालायचं. मी रात्री हे सगळं करत बसतो तेव्हा आय म्हणते, एवढं होडीचं इंजिन साफ केलं असतंस तर. वर्षातून एकदा बाईंना दाखवतो. धातू आणि झिरकोनियामधून एक्स-रे आरपार जात नाही, त्यामुळे कॅपेच्या आत काय शिजतंय ते उशिरा कळतं. बाई काठाभोवती टोकदार सळई फिरवून बघतात. खसखस आवाज आला की माझा जीव वर. आजवर नाही आला.

१२. पक्कड

जून आला की बायको चिंबोऱ्या आणते. नांग्या ती आधीच पाट्यावर वरवंट्याने ठेचून कालवणात टाकते. पण वरवंटा हलका बसला तर एखादी तशीच राहते. म्हणून माझ्या हत्यारांच्या पेटीतली सहा इंची पक्कड आता स्वयंपाकघरात असते, चमच्यांच्या डब्यात. बायकोने तिच्या मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलीय, चुकून कंपनीत जाऊ नये म्हणून.